बाबांनी मागवलेलं ताट

आमच्या वाडीकडे वळायच्या फाट्यावर एक मोठा बोर्ड आहे आणि त्या बोर्डावर मी आहे. नाकात नथ, हातात माशाचं ताट, आणि तोंडावर असं काही हसू, की जन्मात मी कधी तशी हसलेली नाही. नथ फोटोवाल्याची होती. हसूही त्यानेच ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत काढून घेतलं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘वहिनींच्या हातचं. समुद्राकाठी घरगुती जेवण. वाढदिवस, साखरपुडा, पार्टीची सोय.’ माझं नाव कुठेच नाही.

वहिनी म्हणजे मी. धाकट्या दिराने हॉटेल काढलं, तेव्हा मी त्याची एकट्याची वहिनी होते. मग वेटरांची झाले, मग गिऱ्हाइकांची. आता डोक्याचे केस पिकलेले बाप्येसुद्धा टेबलावरून ओरडतात, ‘वहिनी, अजून दोन सोलकढी!’ मेल्यांनो, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, असं जिभेवर येतं. पण बोर्डावरची बाई असं बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही.

वाडी नारळी-पोफळीची. रेवदंड्याच्या अलीकडे रस्ता सोडून आत आलं की आधी वाडी, मग सुरूची झाडं, मग वाळू, मग समुद्र. लग्न होऊन आले तेव्हा सुरूखाली आम्ही मिरच्या वाळत घालायचो. आता तिथे टेबलं आहेत, झाडांना दिव्यांच्या माळा आहेत आणि ‘सेल्फी पॉइंट’ म्हणून एक झोपाळा आहे, ज्यावर घरातलं कोणी बसत नाही. दारू आम्ही विकत नाही. बाटल्या गिऱ्हाइकाच्या, बर्फ, सोडा, ग्लास आणि तळलेली मांदेली आमची. कोकमाच्या सरबतात पुदिना घालून उंच ग्लासात दिलं की त्याला दीर मॉकटेल म्हणतो.

माझी झोपायची खोली हॉटेलच्या पहिल्या दिवाळीत गेली. ‘वहिनी, दोनच दिवस. एक कुटुंब अडकलंय,’ दीर म्हणाला. ते दोन दिवस अजून चाललेत. तिथे आता एसी आहे, बाहेर पाटी आहे. मी झोपते ती सामानाच्या खोलीत, मासळीच्या फ्रीझरशेजारी. रात्रभर तो घुरघुरतो. नवरा न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला. पंधरा दिवसांनी येतो, त्यालाही घुरघुर ऐकत झोपावं लागतं. तो काही बोलत नाही. त्यांच्या घरात न बोलणारा एकच आहे, तोही माझ्याच वाट्याला आला.

दीर वाईट नाही, हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही त्याला उगाच शिव्या घालाल. आवाज चढवून कधी बोलला नाही. जो येईल त्याला सांगतो, ‘आमच्या वहिनी म्हणजे साक्षात अन्नपूर्णा! यांच्यावरच चाललंय सगळं.’ मला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो आणि खालची शिडी काढून घेतो. शिवी दिली तर उलट शिवी देता येते. कौतुकाला काय देणार? सुट्टी मागितली की म्हणतो, ‘अहो वहिनी, घरच्या माणसाला कसली सुट्टी? घर आहे हे!’ नवऱ्याने एकदाच, चाचरत, माझ्या पगाराचं काढलं होतं. तेव्हा दीर हसला. ‘दादा, घरच्या लक्ष्मीला पगार दिला तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या.’ पगार मागताना ते घर असतं. खोली भाड्याने देताना ते हॉटेल असतं. मी आपली दोन्हीकडून चेपलेली.

माझं माहेर रोह्याकडे, आतल्या गावात. तिथे समुद्र नाही. भात, आणि भात काढल्यावर त्याच ओलीवर वाल. आई गेली, तेव्हापासून बाबा भावाबरोबर राहतात. आणि आता ती गोष्ट सांगायला हवी, जिच्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

आमच्याकडे रीत आहे. लेकीला मूल झाल्याशिवाय बापाने तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. बहुतेक बापांची यातून वर्षा-दोन वर्षांत सुटका होते. पहिलं नातवंड मांडीवर आलं की लेकीच्या घरी पंगत बसते आणि बाप पोटभर जेवतो. माझ्या बापाची सुटका झाली नाही. मला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, उपास झाले, हरिहरेश्वराला जाऊन खडकांतून प्रदक्षिणा घालून झाली, मग वय झालं. लोक विचारायचे बंद झाले, तेव्हा मला जास्त लागलं.

बाबा वर्षातून एखादवेळी यायचे. आले की पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढायचे. माथ्यावर नारळ लटकतायत, वेटर गिऱ्हाइकांना शहाळी फोडून देतायत, आणि माझा बाप प्लास्टिकच्या बाटलीतलं कोमट पाणी पितोय. भूक लागली तर पंच्यात बांधून आणलेली भाकरी. सासूबाईंना रीत ठाऊक होती. त्या त्यांच्यापुढे तांब्या कधी ठेवत नसत, समोरच्याला ‘नको’ म्हणायची वेळ आणू नये म्हणून. मी मात्र एकदा भडकले.

‘बाबा, कुठल्या जमान्यात आहात? आता कोण पाळतं हे?’

‘मी पाळतो ना,’ ते म्हणाले.

झालं. मला वाटायचं, हट्टी आहे म्हातारा. पुढे कधीतरी डोक्यात प्रकाश पडला. ते जेवले असते, तर मला मूल होणार नाही हे त्यांनी मान्य केलं असं झालं असतं. बाकी सगळ्यांनी मान्य केलं होतं. एकटे बाबा उपाशी राहून नाही म्हणत होते. हे कळलं त्या दिवशी मी कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडायला कारण पुरेल.

तुम्ही म्हणाल, मग माहेरी जाऊन घालायचं होतं जेवायला. घालते कशी? पावसात हॉटेल थंड असायचं तेव्हा चार दिवस जायची, पण आई चुलीपाशी फिरकू द्यायची नाही. ‘तिथं रांधतेस तेवढं पुरे. हितं पाय पसरून बस.’ आई गेल्यावर भावजय तेच म्हणायची. आणि लग्नाआधी मी जे करायची ते जेवण नव्हतंच. माझ्या भाकरीचे नकाशे व्हायचे. हाताला चव आली ती सासरी, सासूबाईंच्या हाताखाली. म्हणजे बघा, कुठल्या कुठल्या गावची माणसं गाड्या काढून माझ्या हातचं खायला येतात, बोटं चाटतात, मोबाइलवर पाच पाच तारे देतात, आणि माझ्या बापाला माझ्या हातची चव माहीत नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. भावाला गुजरातेत कारखान्यात कायमची नोकरी लागली होती. शेत विकायचं ठरलं. संक्रांत झाली की बाबांना घेऊन सगळे तिकडे जाणार.

‘बाय,’ बाबा म्हणाले, ‘एकदा तुज्या हातचं खायाचं हाय. तू हिकडं ये. शेतात पोपटी लाव. वाल उबा हाय अजून. पुडच्या सालाला ना वाल, ना शेत.’

एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि तशीच दिराकडे गेले.

पोपटी आमच्या रायगडची. थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून, अंडी, बटाटे, वर परत पाला ठासायचा आणि मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा, झावळ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. पूर्वी शेतात चार माणसं जमून करायची. आता ते आमचं थंडीतलं पॅकेज आहे. म्हणून थंडीत मला माहेर नाही. माझी पोपटी खायला लोक येतात म्हणून मला बापाच्या पोपटीला जाता येत नाही, असा सगळा उफराटा कारभार.

दीर म्हणाला, ‘जा की वहिनी! विचारायचं काय त्यात?’ आणि दोनदा ऐन वेळी पार्टी आली. पहिल्यांदा कुठल्या ऑफिसची, दुसऱ्यांदा नाताळातली. तिसऱ्यांदा त्याने छातीवर हात ठेवला. ‘संक्रांतीनंतरचा शनिवार तुमचा. मी स्वतः गाडीने सोडतो.’ मी साडीला इस्त्रीसुद्धा करून ठेवली. बुधवारी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. दारात उभा राहिला की समजायचं.

‘वहिनी, ठाण्याची फॅमिली आहे. वडलांची साठी. अख्खी वाडी बुक करतायत. त्यांना तुमच्याच हातची पोपटी हवी. बोर्ड बघून आलेत हो. नाही कसं म्हणू?’

दुसऱ्याच्या बापाच्या साठीसाठी. माझ्या हातात सुरी होती, ती मी खाली ठेवली. ‘आणि माझे बाबा?’

‘पुढच्या आठवड्यात जा ना. शपथ.’

‘पुढच्या आठवड्यात ते गुजरातेत असतील, भावजी.’

त्याचा चेहरा खरंच पडला. मग म्हणाला, ‘तुम्हीच सांगा वहिनी, घर तुमचं आहे. तुम्ही म्हणाल तसं.’ आणि मी काय म्हणणार? सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या, हाताखालचा पोरगा तापाने पडलेला, नवरा यार्डात. मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचा त्याने होकार असाच अर्थ घेतला. नेहमीच घेतो. बाबांना फोन केला तेव्हा ते फक्त ‘बरं’ म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शनिवारी दुपारी मी अंगणात कोंबडीला मसाला चोळत होते. हात कोपरापर्यंत लाल. फाटकातून एक पांढरी टोपी आत आली, खांद्यावर गोणपाटाची पिशवी. एसटीने, दोन गाड्या बदलून, माझा बाप आला होता.

‘शेंगा जून झाल्या असत्या,’ ते म्हणाले. ‘म्हनून घेवन आलो.’

हात मसाल्याचे, पायाही पडता येईना. सासूबाईंनी खुर्ची दिली. बाबांनी आपली बाटली काढली, दोन घोट घेतले, परत पिशवीत ठेवली. तीच बाटली. मला त्या बाटलीचा असा राग आला, की वाटलं फेकून द्यावी समुद्रात.

‘सोमवारी गाडी हाय आमची,’ बाबा म्हणाले.

त्यांच्या शेंगांसाठी मी वेगळं छोटं मडकं काढलं. पाला त्यांनी स्वतः ठासला. लेकीला द्यायला रीत आडवी येत नाही, लेकीकडून घ्यायलाच येते. तोवर साठीवाली मंडळी आली होती. झाडांना फुगे लागले, स्पीकर लागला, टेबलांवर बाटल्या आणि बर्फाच्या बादल्या गेल्या. दिराने बाबांची ओळख करून दिली, ‘हे आमच्या वहिनींचे वडील!’ मग काय, सगळ्यांना त्यांच्याबरोबर फोटो हवे. ‘काका, ते मडकं हातात धरा ना. काका, टोपी सरळ.’ बाबा टोपी सरळ करून उभे राहिले. मला माझा बोर्डावरचा फोटो आठवला. आता बापही लागला का बोर्डाला?

जाळ पेटला. उन्हं कलली तसा केक कापला. साठीच्या त्या माणसाला त्याच्या मुलीने केकचा घास भरवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तोंडाला क्रीम लागलं, परत टाळ्या. मी भाकऱ्या थापत होते. खिडकीतून सगळं दिसत होतं. देवा शप्पत सांगते, त्या पोरीचा मला मत्सर वाटला. तिने काय केलं होतं? विकतच्या केकचा तुकडा बापाच्या तोंडात घातला होता. बस एवढंच, आणि ते मला जमत नव्हतं.

फाटकाजवळ दोन टेबलं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मोकळी ठेवतो, पार्टी असली तरी. तिथे मोटरसायकलवरून एक जोडपं आलं, जेवलं, पैसे देऊन गेलं. बाबा बाकड्यावर बसून ते बघत होते. मग त्यांनी वेटरला बोलावलं. मी भाकरी उलटता उलटता ऐकत होते.

‘हितं कोन बी येवन जेवतो?’

‘हो काका.’

‘वळख लागत नाय?’

‘ओळख कसली! पैसे दिले की झालं.’

बाबा उठले. पिशवी घेतली, त्या टेबलाशी गेले, खुर्ची ओढली, बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. जेवायला बसताना ते टोपी काढतात. माझा हात तव्यावर तसाच राहिला, बोट भाजलं तेव्हा भानावर आले.

मी बाहेर धावले. ‘बाबा, इथे का बसलात?’

‘काय काय हाय जेवाय?’

‘बाबा...’

‘भायेर बोड हाय. ह्ये हाटेल हाय. हाटेलात बापूस बी जेवतो. पैसं दिलं की झालं, त्यो पोरगा सांगत व्हता.’ ते माझ्याकडे बघत नव्हते, समुद्राकडे बघत होते. ‘एसटीत ह्योच इचार करत आलो, बाय. एक ताट आन.’

मी वळले ती पळतच. अगो बाई, काय करू आणि काय नको असं झालं मला! पार्टीसाठी खाडीतला जिताडा आला होता. आमच्याकडे मान द्यायचा तर जिताडा देतात, साहेबाला नाहीतर जावयाला. त्याचा मधला तुकडा मी साठीवाल्यांच्या पातेल्यातून काढला. गेले उडत साठीवाले. नवीन भाकरी थापली, गोल, अगदी चंद्रासारखी. सोलकढीत वरून ताज्या नारळाचं दूध घातलं. इतकी वर्षं शेकड्यांनी ताटं लावली, त्या दिवशी मीठ कुठे वाढायचं ते मला आठवेना. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि मिठाची चिमूट ताटात डाव्या अंगाला ठेवली.

ताट मी स्वतः नेलं. बाबांनी हात धुतले, भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला. चित्राहुती घातली. घास उचलला.

आणि दीर आला.

लांबूनच हसत आला, दोन्ही हात पसरून. ‘काका! अहो हे काय? गिऱ्हाइकांत कुठे बसलात? आत पाट मांडला असता!’

घास तोंडापाशी थांबला. बाबा म्हणाले, ‘हितंच बरं हाय. पैसं किती झालं त्ये आदी सांगा.’

‘पैसे?’ दिराला खरोखर धक्का बसला. तो वरवरचं बोलत नव्हता, मनापासून बोलत होता. ‘काका, लाजवता काय? तुमच्या लेकीचं घर आहे हे! घरच्या माणसाकडून कोण पैसे घेतं? तुम्ही पोटभर जेवा. तुमच्या लेकीचंच आहे सगळं.’

बाबांनी घास खाली ठेवला. हळूच, ताटाच्या कडेला. बोटं कालवणाची तशीच.

‘मंग ऱ्हाव दे,’ ते म्हणाले.

दिराला काही कळेना. रीत त्याला ऐकून माहीत असेल, पण त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याने मान दिला होता ना! आपल्याकडे पाहुण्याला पैसे विचारू न देणं हाच मान. आमच्या माणसांची चांगुलपणाची हीच तऱ्हा, समोरच्याला नेमकं काय हवंय ते सोडून सगळं देतील. ‘काय झालं काका? माशात काही...?’

‘मासा चांगला हाय. लेकीच्या घरचं मी खात नाय.’

सासूबाई मागून आल्या होत्या. ‘भाऊ, भरल्या ताटावरून असं उठू नका हो,’ त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा मऊ मी कधी ऐकला नव्हता. बाबा उठले नव्हते. ते नुसते बसून होते, खरकटा हात ताटावर धरून. भाकरीची वाफ निघून चालली होती. सुरूखाली ‘हॅपी बर्थडे’ परत सुरू झालं होतं.

माझ्या आत काहीतरी तडकलं. उलटं ठेवलेलं मडकं तडकतं तसं, आवाज न करता.

‘भावजी, बिल सांगा,’ मी म्हणाले.

‘वहिनी, वेड्या झालात काय? तुमच्या वडलांचं बिल?’

‘बिल सांगा म्हणते ना!’ आवाज चढला माझा. वेटर थबकले. ‘सुट्टी मागितली की घर. पगार काढला की घर. माझी खोली भाड्याने लावलीत तेव्हा का नाही आठवलं घर? फ्रीझरशेजारी झोपते तेव्हा कुणाच्या घरात झोपते मी? एवढी वर्षं तुम्ही म्हणाल ते ऐकलं. आज एक दिवस मी सांगते. हे हॉटेल आहे. हे माझं घर नाही.’

बोलून गेले. माहेर सोमवारी गुजरातेत चाललं होतं, आणि सासर माझं नाही असं मी आत्ता चारचौघांत, सासूच्या तोंडावर सांगितलं होतं. मग माझं आहे कुठे? बापाला एक वेळ जेवू घालायला मी डोक्यावरचं छप्पर मोडून चुलीत घातलं होतं.

दीर आकडा सांगेना, म्हणून मीच हात पुढे केला. मसाल्याने लाल झालेला, भाजलेल्या बोटाचा हात. भिकारीण करते तसा, बापापुढे.

‘बाबा, पैसे द्या.’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. डाव्या हाताने बंडीच्या आतली नोट काढली, घडीची घडी, आणि माझ्या तळहातावर ठेवली. त्यांचे डोळे भरले होते, पण हात कापला नाही. मी ती नोट तशीच दिराच्या हातात दिली.

‘गल्ल्यात टाका. आणि आता जेवा, बाबा.’

बाबांनी तोच घास उचलला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. मी श्वास धरून उभी. कुठल्या गिऱ्हाइकाच्या ताऱ्यांसाठी मी कधी अशी उभी राहिले नाही.

‘मीठ बराबर हाय,’ ते म्हणाले.

दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. सोलकढी प्यायले. माझ्या हातचं पाणी प्यायले, ग्लास रिकामा केला. सासूबाई जाळापाशी जाऊन मोठ्या मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारून पोपटी झाली का बघत होत्या. दीर नोट हातात घेऊन गल्ल्याकडे गेला, पाय ओढत. मी फडकं खांद्यावर टाकून टेबलाच्या बाजूला उभी होते, वेटर उभे राहतात तशी.

‘बस की,’ बाबा म्हणाले.

‘कशी बसू?’ मला हसू आलं आणि रडूही आलं. ‘हॉटेलातली बाई गिऱ्हाइकाबरोबर बसत नाही, बाबा.’ खरंच सांगते, हे तोंडातून निघेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. घर असतं तर ते जेवले नसते. हॉटेल आहे म्हणून मी बसू शकत नव्हते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी फडकं घेऊन उभी.

बाबांनी विचार केला. शेतात बांध कुठे फुटलाय ते बघताना करतात तसा. मग ताटातली उरलेली भाकरी मोडली, निम्मी माझ्या बाजूला सरकवली. जिताड्याचा काटे काढलेला तुकडा तिच्यावर ठेवला.

‘पैसं कोनी दिलं?’

‘तुम्ही.’

‘मंग ह्ये ताट कोनाचं?’

‘तुमचं.’

‘व्हय. माज्या ताटातलं कोनाला द्यायाचं त्ये मी ठरवनार. हितं हाटेलवाल्याचं कायबी चालत नाय.’ त्यांनी पायाने शेजारची खुर्ची बाहेर ढकलली. ‘बस. माहेराला आलीस. पाय पसर.’

मी बसले. फडकं काढून मांडीवर ठेवलं. इतक्या वर्षांत त्या टेबलाशी मी कधी बसले नव्हते. तिथून समुद्र दिसतो हेही मला माहीत नव्हतं. बाबांच्या पुढ्यातली भाकरी मी खाल्ली, माझीच भाकरी, माझंच कालवण, आणि मला आईच्या घरी बसल्यासारखं वाटलं. मी रडत होते, खात होते. बाबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. त्यांनी छोटं मडकं मागवलं, वेटरने आणून फोडलं, शेंगांचा ओवा-धुराचा वास आला. ते एक शेंग सोलायचे, दाणे माझ्यापुढे ठेवायचे. मग एक स्वतःसाठी.

सुरूखालून साठीवाल्यांच्या हाका सुरू झाल्या. ‘वहिनी! ओ वहिनी! पोपटी कुठाय? भाकऱ्या संपल्या!’ आतून सासूबाईंचा आवाज आला, ‘तिला जेवू दे, मी बघते.’ तरी हाका थांबेनात. ‘वहिनी!’

‘येते,’ मी बसल्या जागेवरून ओरडले, आणि बाबांनी सोललेली शेंग पुढे ओढली.